वीस हजारांतलं गाणं

घरात गाणं ऐकायला चांगली सिस्टिम घ्यायची म्हटल्यावर मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, एक साउंडबार घेऊन टाका. आता या वयात तुम्हाला बारीकसारीक फरक कुठे कळणार?" बोलला प्रेमानेच, पण लागलं हो!

दोन दिवस विचार केला. मला वाटतं, उलट या वयातच नीट सिस्टिम हवी. वय झालं की आधी जातात ते वरच्या पट्टीतले, अगदी बारीक आवाज. गळ्याचा मुख्य कारभार मात्र ४००० हर्ट्झच्या खालीच चालतो. म्हणजे किशोरीताईंचा आलाप ऐकायला जे लागतं, ते आमच्याकडे बऱ्यापैकी शिल्लक असतं. घुमणाऱ्या बेसखाली तेच दबलं तर काय उरलं?

बजेट २०,००० रुपये. त्यातले १२,००० दोन स्पीकर्सवर घातले, कारण आवाजाचा खरा फरक तिथेच पडतो. ६,००० चा जुना, सेकंडहँड स्टिरिओ अॅम्प्लिफायर. उरलेल्यात वायरी आणि दोन स्टुलं. गाणी मोबाईलमधून, वायर जोडून.

दुकानात वॅटच्या आकड्यांना भुलू नका. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. आपल्या दिवाणखान्याला थोडेच वॅट पुरतात. आणि जाताना आपलं रोजच्या ऐकण्यातलं गाणं घेऊन जा. दुकानदार लावेल त्या दणदणीत गाण्यावर सगळेच स्पीकर छान वाटतात!

सगळ्यात मोठी सुधारणा तर फुकटात झाली. आधी स्पीकर शोकेसमध्ये भिंतीला चिकटवून ठेवले होते. डग्गा असा घुमायचा की गाणं बाजूलाच! मग ते स्टुलांवर घेतले, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणि बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे. दोन स्पीकर आणि माझी खुर्ची यांचा समभुज त्रिकोण केला. आयुष्यभर फळ्यावर काढला, शेवटी घरात उपयोगी पडला! फरशीवर सतरंजी टाकली, तसा खोलीतला खणखणाटही कमी झाला.

आमच्या सौ.ने गाणं ऐकणं जवळजवळ सोडलंच होतं. "नुसता गलका वाटतो," म्हणायची. मला वाटे, हिची आवड संपली. त्या संध्याकाळी भीमसेनजींचा यमन लावला. ही हात पुसत बाहेर आली. "अहो, तानपुरा ऐकू येतोय," म्हणाली आणि माझ्या खुर्चीत बसली. मी आपला सतरंजीवर.

टीव्हीवरच्या मालिकांना साउंडबार ठीक आहे. पण ज्यांना गाणं हवंय, त्यांनी वयाचं निमित्त करून कसंही ऐकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाला कळवलंय, फरक कळतो म्हणून. आता दुसरी खुर्ची कुठे ठेवावी, एवढाच प्रश्न उरलाय. त्रिकोणात दोघं बसत नाहीत ना!

असो.