जयंतीचा मांडव आणि सोलापूरचे कापड

जयंतीच्या मिरवणुकीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर काय उरते, हे वस्तीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा. पाण्याच्या बाटल्या, निळा गुलाल आणि फ्लेक्स. खांबावरून अर्धा सुटलेला, एका कोपऱ्यावर लोंबणारा, कधी गटारीच्या काठावर पडलेला. त्यावर तथागत असतात, बाबासाहेब असतात आणि खाली वीस-पंचवीस भावी नगरसेवकांचे चेहरे असतात. हा फ्लेक्स कोणाला फेकवत नाही आणि ठेवायला जागाही नसते. काही घरांवर तो पत्र्याच्या भोकांवर टाकला जातो, ते निदान उपयोगी तरी आहे. उरलेला कचऱ्याच्या गाडीत जातो. आम्ही काही वर्षे मिरवणुकीनंतर फ्लेक्स गोळा करतो आहोत. घडी घालताना दर वेळी हात अडखळतो, कारण घडी बरोबर बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर येते.

फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेले प्लास्टिक. तो कुजत नाही. जाळला तर विषारी धूर होतो. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर देशात १ जुलै २०२२ पासून बंदी आली. तिच्यात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही आहेत, पण चौकातला फ्लेक्स त्याहून जाड असल्याने तो सुटतो. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्राने २०१८ मध्येच बंदी घातली. बेकायदा फलकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने पालिकांना अनेकदा फटकारले आहे. पण आम्हाला इथे कायद्याची उजळणी करायची नाही. आमचा प्रश्न साधा आहे. ज्या शहराची ओळखच चादर आणि टॉवेल आहे, ज्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्या सोलापुरात आपल्या मुक्तिदात्याचा उत्सव आपण प्लास्टिकवर का साजरा करतो?

उत्तरासाठी फार लांब जायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात श्रद्धानंद पेठेजवळच्या मैदानावर दीक्षेसाठी व्यासपीठ उभारले होते. त्याला पांढरे कापड लावलेले होते आणि सांचीच्या स्तूपाची प्रतिकृती उभी केली होती. समोर पांढऱ्या वस्त्रांतला लाखोंचा समुदाय. आज दीक्षाभूमीवर जो भव्य स्तूप आपण पाहतो, त्याचे लोकार्पण २००१ मध्ये झाले. म्हणजे दगड-सिमेंटचा स्तूप उभा राहायच्या पंचेचाळीस वर्षे आधी तिथे मांडवातला स्तूप उभा राहिला आणि उतरवलाही गेला. आपल्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस एका तात्पुरत्या मांडवात घडला.

धम्माच्या परंपरेत कापडाला नेहमीच मान आहे. विनयात सांगितले आहे की मगधातल्या भातशेतीचे बांध पाहून तथागतांनी आनंदाला तशाच आखणीचे चीवर करायला सांगितले. तुकडे कापून, जोडून, बांधांसारख्या शिवणी घातलेले. आजही भिक्खूंच्या अंगावर ती शेते दिसतात. फेकलेल्या चिंध्यांचे पांसुकूल चीवर तर आपल्याला माहीतच आहे. भूतानमध्ये पारोच्या उत्सवात शेवटच्या दिवशी पहाटे एक प्रचंड कापडी चित्र इमारतीवरून खाली सोडतात आणि त्यावर ऊन यायच्या आत पुन्हा गुंडाळून ठेवतात. काही तासांचे दर्शन, मग वर्षभर घडीत. अनित्यतेवर व्याख्यान देण्याची तिथे गरज पडत नसावी.

सोलापूरच्या कापडाचा इतिहास मात्र केवळ अभिमानाने सांगण्याचा नाही. जुनी मिल १८७७ ची. पुढे विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी. गावगाड्यातून सुटून आलेल्या किती कुटुंबांना या गिरण्यांनी पगाराची पहिली नोट दाखवली असेल. पण कापडाच्या कारखान्यातही जात होती. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्या उष्ट्याचा विटाळ होई. मजुरी मात्र त्याच खात्यात चांगली होती. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा वर्गाची भाषा बोलणाऱ्यांची अडचण झाली. त्याआधी १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह काढले ते आपल्या सोलापुरात. कापडाच्या या शहरात त्यांनी पहिल्यांदा मुलांच्या शिक्षणाची सोय केली, हे लक्षात ठेवावे.

आता गिरण्या बंद आहेत. यंत्रमाग चालू-बंद आहेत. पूर्व भागातल्या ज्या पद्मशाली कारागिरांनी हातमागावर माणसांचे चेहरे विणून भिंतीवर लावायची चित्रे केली, त्यांच्या मुलांना मागावर बसायचे नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. दुसरीकडे गणवेश शिवण्याचा धंदा शहरात वाढला आहे. आपल्या वस्त्यांतल्या बायका घरी मशीन ठेवून नगावर शिवण करतात. म्हणजे कापड इथे आहे, विणणारे आहेत, शिवणारे आहेत आणि दर एप्रिलला मांडव घालणारी मंडळेही आहेत. या चौघांना एकत्र बसवणारे कोणी नाही. वर्गणीचा पैसा येतो आणि डीजे, एलईडी व फ्लेक्सवाल्याकडे जातो. वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातात त्यातला एक रुपया पडत नाही.

कापडाने काय उभे राहू शकते? स्तूप, तोरण, चैत्यकमान, चवदार तळ्याचा देखावा, चौकभर पसरलेले छत. मंडपवाल्यांना हे काम येते, फक्त त्यांना झालर आणि कनातीच्या पुढे कोणी विचारत नाही. कापडाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. कापड भार पेलत नाही, ताण पेलते. सपाट बांधलेले कापड वाऱ्यात शिडासारखे फुगते, फडफडते आणि शेवटी शिवणीवर फाटते. तेच कापड दोन समोरासमोरचे कोपरे उंच आणि दोन खाली घेऊन खोगिराच्या आकारात ताणले, तर ते वाऱ्यात स्थिर राहते. कडा दुहेरी शिवून आत दोर ओवावा, खुंट्या खोल माराव्यात, मोठ्या पडद्यासाठी जाळीदार विणीचे कापड घ्यावे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारनंतर वळवाचे वारे कसे सुटतात, हे सांगायला नको. १३ मे २०२४ ला घाटकोपरमध्ये असाच वारा सुटला, प्रचंड जाहिरात फलक कोसळला आणि १७ माणसे गेली. अभियंता दाखवल्याशिवाय काहीही उंच उभारू नये, मग ते कापडाचे का असेना.

त्याहून मोठी भीती आगीची. १९९५ च्या डिसेंबरमध्ये हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या कार्यक्रमाच्या मांडवाला आग लागून चारशेहून अधिक लोक मेले, त्यात बहुतेक मुले. छत कृत्रिम धाग्याचे होते, वितळून अंगावर पडले. मे २०२५ मध्ये आपल्याच अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ८ जण आगीत गेले. त्या सकाळचा धूर शहर विसरलेले नाही. सुती कापडही पेटते. म्हणून अग्निरोधक प्रक्रिया, दिव्यांपासून अंतर, वायरिंग तपासलेले आणि बाहेर पडायला दोन मोकळ्या वाटा, एवढे नसेल तर मांडवच घालू नये. मंडळाच्या बैठकीत हे बोलणाऱ्याला भित्रा म्हणतात. म्हणू द्यावे.

जगात कापडाच्या तात्पुरत्या कलेला मोठा मान मिळाला आहे. १९९५ मध्ये ख्रिस्तो आणि जान-क्लोद या जोडप्याने बर्लिनची जुनी संसद इमारत एक लाख चौरस मीटरहून अधिक कापडात गुंडाळली. परवानगीसाठी त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ घालवला, शेवटी जर्मन संसदेत चर्चा होऊन मतदान झाले. काम टिकले दोन आठवडे. त्यांनी प्रायोजक घेतला नाही, स्वतःची रेखाटने विकून पैसा उभा केला. आपल्या मंडळांनी हा भाग दोनदा वाचावा. आम्हाला मात्र जास्त जवळचा वाटतो तो घानाचा इब्राहिम महामा. त्याने २०२४ मध्ये लंडनच्या बार्बिकन केंद्राच्या भिंती सुमारे दोन हजार चौरस मीटर जांभळ्या कापडाने झाकल्या. ते कापड हाताने विणले आणि शिवले गेले त्याच्या ताम्ले शहरात, शेकडो स्थानिक हातांनी, आणि त्यावर लोकांचे जुने अंगरखे टाचलेले होते. लंडनला गेले ते ताम्लेच्या लोकांचे अंग.

चळवळीतले एक ज्येष्ठ आम्हाला म्हणाले, "पोरांनो, त्यांच्या वाट्याला दगडाची मंदिरे आणि आपल्या वाट्याला कायम मांडवच का?" हा प्रश्न हलका नाही. इंदू मिलचे उदाहरण समोर आहे. ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते त्या बंद कापड गिरणीत शिरले, तेव्हा कुठे जागेचा प्रश्न हलला. ऑक्टोबर २०१५ मध्ये भूमिपूजन झाले आणि त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी आपण कामाच्या तारखाच ऐकत राहिलो. कायमच्या जागेवरचा आपला हक्क सोडायचा नाही. तात्पुरती कला ही त्या हक्काची भरपाई नव्हे, आणि कोणी पुढारी तशी विकायला आला तर त्याला परत पाठवावे. पण पुतळ्यासाठी वीस परवानग्या लागतात, मांडव आठ दिवसांत उभा राहतो. पुतळा एकदा बसला की त्याच्यावर काय लिहायचे ते समिती ठरवते. मांडवात दर वर्षी नवे बोलता येते.

म्हणून आम्ही एक गोष्ट मंडळांपुढे ठेवतो आहोत. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनला एड्सने गेलेल्यांच्या नावांची गोधडी मैदानावर पसरली होती. १,९२० तुकडे, प्रत्येक तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे एका थडग्याएवढा. घरच्यांनी शिवलेला. गोधडी आपल्याला कोणी शिकवायला नको. घरातले एक जुने लुगडे, एक धुवट चादर, त्यावर त्या घरातल्या पहिल्या दीक्षा घेतलेल्या माणसाचे नाव, किंवा मिलमध्ये राबलेल्या आजोबांचे, विड्या वळलेल्या आजीचे. असे तुकडे जोडून स्तूपाचा घुमट झाकता येईल. जोडणीची मजुरी वर्गणीतून, नगावर नव्हे, रोजावर. जयंतीनंतर घुमट उतरवायचा, धुऊन विहारात ठेवायचा, पुढच्या वर्षी नवी नावे जोडायची. त्यावर कुठल्याही भावी नगरसेवकाचा फोटो येणार नाही, हे आधीच लेखी ठरवावे. यावरून भांडण होईल, आम्हाला माहीत आहे.

शिवण जानेवारीत सुरू केली तर एप्रिलला पुरी होते. मार्चमध्ये बैठक घेणाऱ्या मंडळांना यंदाही फ्लेक्सच परवडेल. ज्यांच्या घरी जुनी लुगडी पेटीत आहेत, त्यांनी ती इतक्यात बोहारणीला देऊ नयेत.