अपुऱ्या पत्त्याची थाप

पार्सल गोदामात येऊन पडले आहे, दोनदा प्रयत्न करूनही अपुऱ्या पत्त्यामुळे ते पोहोचवता आले नाही, 48 तासांत सोबतच्या लिंकवर पत्ता दुरुस्त करावा, नाहीतर ते परत जाईल, अशा आशयाचे संदेश गेली काही वर्षे भारतीय टपाल खात्याच्या नावाने मोबाइलवर येत असून, ते बनावट असल्याचा खुलासा पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य पडताळणी विभागाला जाहीरपणे करावा लागला आहे. एसएमएसच्या आधारे टाकलेल्या अशा गळाला ‘स्मिशिंग’ म्हणतात. हे एखाद्या भुरट्याचे काम नव्हे. जानेवारी ते जुलै 2024 या काळात टपाल खात्याच्या संकेतस्थळाच्या नावाशी साधर्म्य असलेली 470 हून अधिक नावे इंटरनेटवर नोंदवली गेल्याचे सायबर सुरक्षा संशोधकांना आढळले होते.

ज्या अपुऱ्या पत्त्याचे निमित्त पुढे केले जाते, त्याची काळजी टपाल खात्याने फार पूर्वीपासून वाहिली आहे. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्या आणि चुकीचे पत्ते यांतून वाट काढण्यासाठी 15 ऑगस्ट 1972 रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला आणि त्याची योजना टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखली होती. पत्ता लागला नाही तर टपाल पाठवणाऱ्याकडे परत जाते. पत्ता दुरुस्त करण्याचे शुल्क टपाल खाते लिंक पाठवून मागत नाही. घर बंद असल्यास पोस्टमन सूचनेची चिठ्ठी ठेवतो, वस्तू सामान्यतः सात दिवस टपाल कार्यालयात राहते आणि परदेशातून आलेल्या पार्सलवर सीमाशुल्क असलेच, तर ते वस्तू हाती देताना पावतीसह घेतले जाते. या सगळ्या व्यवहारात घाई कुठेच नाही. घाई फक्त खोट्या संदेशाला असते.

लिंक उघडताच टपाल खात्याच्या बोधचिन्हासह हुबेहूब पान दिसते, त्यावर नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक भरून घेतला जातो आणि शेवटी पुन्हा पार्सल पाठवण्यासाठी वीस-पंचवीस रुपये कार्डाने भरण्यास सांगितले जाते. रक्कम मुद्दाम क्षुल्लक ठेवलेली असते, कारण एवढ्याशा पैशांसाठी कोणी चौकशी करत बसत नाही; ठगाला ते वीस रुपये नकोच असतात, त्याला कार्डाचा क्रमांक, मागच्या बाजूचे तीन अंक आणि त्यानंतर येणारा ओटीपी हवा असतो. काही संदेशांत आधी एका अक्षराचे उत्तर पाठवण्याची विनंती असते, त्यामागचे कारण असे की, आयफोनवर अनोळखी व्यक्तीच्या संदेशातील लिंक उत्तर दिल्याशिवाय उघडत नाही, आणि ते कुलूप वाचकाच्याच हातून काढून घ्यायचे असते.

संकेतस्थळाचे नाव तपासताना सुरुवातीच्या ‘//’ नंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते पाहावे, कारण खरी ओळख तिथे असते. टपाल खात्याचा पत्ता ‘इंडियापोस्ट डॉट जीओव्ही डॉट इन’ असा असून, ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट केवळ सरकारी संस्थांनाच मिळतो. बनावट नावात ‘इंडियापोस्ट’ची मोडतोड करून शेवटी ‘डॉट टॉप’सारखे काहीतरी जोडलेले असते. स्पीड पोस्टचा क्रमांकही पाहण्यासारखा आहे: आरंभी दोन अक्षरे, मध्ये नऊ अंक आणि शेवटी ‘आयएन’ अशी त्याची रचना असते आणि नववा अंक आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो. बनावट संदेशात बहुधा असा क्रमांकच नसतो, आणि असलाच तर तो संदेशातील लिंकवर न तपासता अधिकृत संकेतस्थळ स्वतः उघडून तिथे टाकावा. अलीकडे स्पीड पोस्टलाही ओटीपीची सोय झाली आहे, हे खरे. पण तो दारात उभ्या असलेल्या पोस्टमनला सांगायचा असतो, कोणत्याही पानावर भरायचा नसतो.

या जाळ्यात सापडणारी माणसे बावळट असतात, हा समज अन्यायकारक आहे. परदेशातील लेकीला दिवाळीचा फराळ पाठवून तो पोहोचल्याच्या निरोपाकडे डोळे लावून बसलेल्या आईवडिलांना किंवा भावाच्या नावे राखी टाकलेल्या बहिणीला असा संदेश नेमका त्याच आठवड्यात आला, तर त्यांचा विश्वास बसणे अगदी स्वाभाविक आहे. फसगत झाल्यावर लाजेने गप्प राहण्यात मात्र मोठे नुकसान आहे, कारण रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःच तपशील दिला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. कळवण्यापूर्वीचे मात्र ग्राहकाच्या माथी बसते. म्हणून वाचकांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये बँकेचा क्रमांक आणि 1930 ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आजच नोंदवून ठेवावी आणि कार्डाचा तपशील चुकून दिला गेलाच, तर आधी कार्ड बंद करून लगेच 1930 ला फोन लावायचा, हे त्यांना समजावून सांगावे.