खारे पाणी आणि मोगरा

भगिनींनो, राई, मुर्धे, उत्तन ही गावे आता मीरा-भाईंदर महानगरपालिकेत आहेत. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, मधे भाईंदरची जुनी मिठागरे. अशा ठिकाणी हौसेने लावलेला मोगरा पुष्कळदा पहिल्या वर्षी फुलतो आणि पुढच्या मे महिन्यात पानांच्या कडा करपून बसतो. लगेच रोग समजून औषध मारू नका. आधी विहिरीचे पाणी चाखून पाहा. खाडीकाठचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, आणि मोगऱ्याचा बहरही नेमका त्याच दिवसांत!

वाफा वीतभर उंच करा, कुजलेले शेणखत घाला. मचूळ पाणी रोज तांब्याभर घातले, की पाणी उडून जाते आणि मीठ मुळाशी साचते. त्यापेक्षा गोडे पाणी आठवड्यातून दोनदाच, पण मुळाखालून निघून जाईल इतके द्या. तांदळाचे धुवण चालेल. सुक्या मासळीचे मुळीच नको! करपलेले झाड उपटण्याची घाई करू नका. जूनच्या पावसाने खार धुतला जातो, नवी पालवी फुटते. थंडीत थोडे दिवस पाणी तोडून छाटणी करा, मग खत-पाणी द्या.

कुंपणाला कण्हेर लावाल तर ती खार सोसते, फुलेही भरपूर देते. पण ती विषारी. छाटलेला पाला, अगदी वाळलेलासुद्धा, गव्हाणीत गेला तर गाय हातची जाईल. गोठ्याकडच्या बाजूला ती लावूच नका.