तळहातावरची थट्टामस्करी

मूल कोपऱ्यात बसून तळहाताएवढ्या व्हिडिओ गेमवर बोटे चालवत आहे, हे दृश्य आता कोणत्याच घरात नवे राहिलेले नाही. आईवडील चिडतात, ओरडतात आणि शेवटी नाद सोडतात. पण तेच मूल खेळताखेळता एकदम खो खो हसू लागले तर? गाड्यांच्या शर्यतीत किंवा गोळीबारात हसण्यासारखे काही नसते. ‘‘काय रे, काय झाले?’’ असे आईने विचारले, की ‘‘काही नाही, तुला नाही कळायचे,’’ हे उत्तर ठरलेले.

कळण्यासारखे मात्र पुष्कळ असते. सगळे व्हिडिओ गेम एकाच गाठोड्यात बांधायची मोठ्यांना सवय आहे. त्यात ‘रोल प्लेइंग’ नावाचा एक वेगळा प्रकार आहे. यात खेळणारा गोष्टीतल्या पात्राची भूमिका घेतो, गावोगाव फिरतो, भेटेल त्याच्याशी बोलतो. लढाईसुद्धा बहुधा पत्त्यांच्या डावासारखी आळीपाळीने चालते. बोलणे पडद्यावर अक्षरांत उमटते, त्यामुळे बोटांच्या चपळाईइतकेच वाचनालाही महत्त्व. वीसवीस तासांची गोष्ट मूल वाचतवाचत पुढे नेते. आणि काही खेळ तर चक्क विनोदी लिहिलेले असतात.

‘मारिओ अँड लुईजी : सुपरस्टार सागा’ हा त्यातला गाजलेला खेळ. जपानच्या अल्फाड्रीम कंपनीने तो तयार केला आणि निन्टेन्डोने नोव्हेंबर २००३ मध्ये आपल्या ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी बाजारात आणला. गोष्ट अशी : कॅकलेटा नावाची चेटकीण राजकन्येचा आवाज चोरते आणि त्याच्या जागी भलताच आवाज ठेवून जाते. मग राजकन्येने तोंड उघडले, की तिचे शब्द जमिनीवर पडून बॉम्बसारखे फुटतात. (अशी माणसे काही घरांतही असतात, पण ते असो.) तो आवाज परत आणायला मारिओ निघतो. धाकटा लुईजी नुसता निरोप द्यायला आलेला असतो, तो इच्छा नसताना ओढला जातो. पुढे लोक मारिओचे कौतुक करतात आणि लुईजीकडे फारसे कुणाचे लक्षच जात नाही. थोरल्याचे कपडे आणि थोरल्याची पुस्तके वापरून वाढलेल्या कोणत्याही धाकट्याला यातले हसू कळते आणि त्याखालची टोचणीही. खेळायची तऱ्हा तशीच आहे. एका बटणाने थोरला उडी मारतो, दुसऱ्याने धाकटा. शत्रू कुणावर चालून येतो ते पाहून त्याचेच बटण दाबायचे. धाकट्याला विसरले, की फटका बसलाच.

पण खरा भाव खाऊन जातो तो चेटकिणीचा चष्मेवाला हस्तक फॉफुल. त्याचे इंग्रजी अगदी मोडके. राग आला की व्याकरण कोलमडते आणि भयंकर धमकी देतादेता मध्येच मोहरीची उपमा येते. इंग्रजी रूपांतर करणाऱ्यांनी हे मुद्दाम केले आहे. ही गंमत कळायला बरोबर इंग्रजी कसे असते ते ठाऊक असावे लागते. चूक ओळखता आली, तरच हसू येते. इंग्रजीच्या शिकवणीला पैसे मोजणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

दिल्ली, नोएडा किंवा गुडगावात वाढणाऱ्या मराठी मुलाला तर फॉफुल जवळचाच वाटायला हवा. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, अशा तीन डगरींवर पाय ठेवून ही मुले वाढतात. सुट्टीत पुण्याला किंवा नाशिकला गेल्यावर ‘‘मला उशीर होऊन गेला,’’ असे एखाद्याने म्हटले, की मामेभावंडे फिदीफिदी हसतात. दोनचार वेळा असे झाले, की काही मुले मराठी बोलायचेच टाळतात आणि दिल्लीला परतल्यावर आईलाही हिंदीतच उत्तर देऊ लागतात. फॉफुलला असला संकोच नाही. तो मोठ्याने, छाती पुढे काढून चुकतो आणि सगळ्या खेळात त्याचीच वाक्ये खेळणाऱ्यांच्या तोंडी बसतात.

अर्थात, ती वाचायला मिळाली तर! कार्टून नेटवर्कवर २००३ साली पोकेमॉन आला आणि हिंदीत बोलू लागला, तेव्हा मुलांना तोच खेळ हातात हवा झाला. पण खेळात हिंदी नव्हते. शिवाय दिल्लीत अनेकांना अशा कॅसेटी मिळायच्या त्या कॅनॉट प्लेसच्या पोटातल्या पालिका बाजारात. खाली उतरावे, घासाघीस करावी, पावतीचे नाव काढू नये. डब्यावरचे चित्र एक आणि आतला खेळ दुसरा, किंवा सगळी अक्षरे जपानी, असेही निघे. शर्यतीच्या खेळाला त्याने काही बिघडत नाही. विनोदी गोष्टीचे मात्र नुसते हलते चित्र उरते. दुसरे दुखणे सेलचे. कित्येक कॅसेटींत खेळाची नोंद जपायला आत बटणाएवढा सेल असतो. तो संपला, की महिनाभराची मजल पुसली जाते. असली कॅसेटीत तो वर्षानुवर्षे टिकतो, नकलीत भरवसा नाही. २००८ साली नोएडाच्या एचसीएल इन्फोसिस्टिम्सने निन्टेन्डोची यंत्रे रीतसर विकायला आणली, तोवर एक पिढी अशाच मालावर खेळून मोठी झाली होती. नकली मालासाठी कुप्रसिद्ध असलेल्या बाजारांच्या अमेरिकी सरकारच्या २०२१च्या यादीतही पालिका बाजारचे नाव आहे.

भाषेपायी हुकलेल्या खेळांत सर्वांत हळहळ वाटावी असा एक आहे. त्याचे नावच ‘मदर’. शिगेसातो इतोई या जाहिरातलेखकाने १९८९ साली तो टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी रचला. त्याचे पहिले दोन भाग २००३ साली गेम बॉय ॲडव्हान्सवर आले ते फक्त जपानीत. तिसरा २००६ साली आला, तोही जपानीतच. त्याचे इंग्रजी भाषांतर चाहत्यांनी २००८ साली पदरमोड करून केले. दुसऱ्या भागातला मुलगा तलवार घेत नाही, बॅट आणि यो-यो घेऊन निघतो. त्याचे वडील खेळात कधीच दिसत नाहीत, फक्त फोनवर बोलतात. मुलाच्या खात्यात पैसे टाकतात आणि फार वेळ खेळले, की स्वतः फोन करून आता थोडा आराम कर म्हणतात. गुडगावच्या कचेऱ्यांतून रात्री उशिरा घरी पोचणाऱ्या बाबांना हे वाचून हसावे की गप्प बसावे, असा प्रश्न पडेल. मुलाला मध्येच घराची ओढ लागते आणि लढाईत त्याचे हातपाय चालेनासे होतात. त्यावर उपाय एकच, आईला फोन करायचा. घरी आला, की आई त्याच्या आवडीचा पदार्थ वाढते. तो कोणता, हे खेळणाऱ्याने सुरुवातीलाच मोजक्या अक्षरांत लिहायचे असते. रोमन लिपीत थालीपीठ त्यात बसत नाही. पोहे बसतात.

अल्फाड्रीम कंपनीचे २०१९ साली दिवाळे निघाले. सुपरस्टार सागा मात्र २०२३ साली निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर पुन्हा आला. जुनेच यंत्र घ्यायचे असेल, तर ‘एसपी’ हे २००३चे घडीचे यंत्र पाहावे. त्याला स्वतःचा उजेड आहे आणि ते चार्ज करता येते. त्याआधीचे यंत्र दोन पेन्सिल सेलवर चाले, पण वीज गेली की त्याचा पडदा दिसत नसे. दिल्लीच्या उन्हाळ्यात हा फरक लहान नाही. कॅसेट घेताना दुकानातच लावून भाषा पाहावी. थोडे खेळून नोंद जपावी, यंत्र बंद करावे, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करून नोंद शिल्लक आहे का ते बघावे. दुकानदार कुरकुरला, तर पुढच्या गाळ्यात जावे.

आणि घरी मूल पुन्हा एकटेच हसू लागले, तर फॉफुलचे एखादे वाक्य त्याच्याकडून मराठीत करून घ्यावे. मोडक्या इंग्रजीचे मराठीही मोडकेच व्हायला हवे, ही अट घालावी. या परीक्षेत ‘‘मला उशीर होऊन गेला’’ म्हणणारा भाऊ पुण्याच्या मामेभावंडांना सहज मागे टाकील. त्या धमकीतल्या मोहरीची फोडणी करायची की लोणचे घालायचे, यावर घरात खुशाल भांडण होऊ द्यावे.