बैल जाण्याआधी झोपा



'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. झोपा म्हणजे गोठ्याचे काटक्याकुडाचे दार. बैल गेल्यावर दार करून काय उपयोग, एवढाच तिचा अर्थ. पण म्हण तोंडपाठ असली म्हणजे माणूस शहाणा असतोच असे नाही. दुसऱ्याचे कशाला, आमचेच उदाहरण सांगतो.

आमच्या न्हाणीघराची कडी दोन वर्षे नीट लागत नव्हती. दार जरा उचलायचे, खांद्याने रेटायचे आणि मग कडी सरकवायची, ही रीत घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. मंडळींनी चार-पाच वेळा सांगितले, "अहो, ती कडी एकदा बदलून टाका." आम्ही म्हणालो, "हंगाम संपू दे." हंगाम संपला. मग म्हणालो, "ऊसबिल येऊ दे." बिल आले, सोसायटीत आणि खताच्या दुकानात गेले. कडी होती तशीच राहिली.

मागच्या माघात एका रात्री आम्ही पाण्याच्या पाळीला मळ्यात गेलो होतो. घरात आई, मंडळी आणि शाळकरी नात. मध्यरात्री आई उठून न्हाणीघरात गेली. कडी लावली ती अडकलीच. ना पुढे, ना मागे. त्यात वीज गेली. आईने हाका मारल्या, मंडळींनी बाहेरून दार ढकलून पाहिले, नात रडायला लागली. शेवटी शेजारचा पोरगा पहार घेऊन आला आणि दार फोडले. तासभर म्हातारी अंधारात ओल्या फरशीवर भिंतीला धरून उभी होती. पाय घसरला असता तर काय झाले असते, हे आम्ही इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सुतार आणला, नवी कडी बसवली. पण खरी गोष्ट पुढेच आहे. आई ती कडी आजही लावत नाही. आत गेली की दाराला पाण्याने भरलेली बादली लावून ठेवते आणि कुणाची चाहूल लागली की तांब्या वाजवते. रात्री उठावे लागू नये म्हणून दिवेलागणीनंतर घोटभर पाणीसुद्धा पीत नाही. कडी आम्ही बदलून आणली. आईच्या मनातली भीती कुठल्या दुकानातून बदलून आणायची?

आता विचार करा. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळू लागला तर आपण दोन वर्षे थांबतो का? त्याच दिवशी तालुक्याला पळतो. आपल्या कारखान्यात पट्टा पडला की दुरुस्तीला सुरुवात होते. मिलचे रोलर, बेअरिंगा, पंप, बॉयलरच्या नळ्या, सगळे उघडून पाहतात. झिजलेले काढतात, नवे घालतात. बॉयलरची तपासणी झाल्याशिवाय तो पेटवायचा नाही, असा तर या देशात १९२३ सालापासून कायदाच आहे. 'बंद पडल्यावर बघू' असे तिथे कोणी म्हणाले तर आपण सर्वसाधारण सभेत त्याला उभा राहू देणार नाही. मग घरीच आपण असे का वागतो?

पैसा हे कारण नव्हे. एका कडीला जो खर्च येतो तेवढा आपण बाजाराच्या दिवशी चहापाण्यावर घालवतो. आमच्या मते कारण वेगळे आहे. मोटार आपण चालवतो, म्हणून तिची खोट आपल्याला कळते. न्हाणीघराची, संडासाची, माजघराची कडी दिवसातून दहा वेळा लावतात त्या घरातल्या बायका, म्हातारी माणसे आणि पोरे. ज्याच्या हातात पैसा, त्याच्या हाताला ती कडी टोचत नाही. आणि जिच्या हाताला टोचते, तिला 'बघू' एवढेच उत्तर मिळते. कडी जुनी झाली हा दोष कडीचा नाही. सांगूनही ऐकले नाही हा दोष आपला आहे.

तेव्हा आमची सूचना अशी. पट्टा पडला की कारखान्यासारखीच घराचीही वर्षातून एकदा दुरुस्ती धरावी. एका संध्याकाळी सगळी दारे स्वतः लावून, उघडून पाहावीत, आणि घरातल्या बायकांना सोबत घ्यावे. कुठे काय अडते हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

आमच्या सुताराने त्या दिवशी जे दाखवले तेही सांगून ठेवतो. कडी लागत नाही म्हणजे कडीच बिघडली असे समजू नये. आमच्या दाराच्या वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले होते. त्यामुळे दार खाली उतरले, कडी भोकासमोर येईना, आणि आम्ही दोन वर्षे रेटून रेटून ती वाकवली. म्हणून आधी बिजागऱ्या पाहाव्यात. दार थोडे उघडून, मुठीला धरून वर उचलून पाहावे. हलले तर दोष बिजागरीत आहे. स्क्रूचे भोक सैल झाले असेल तर लाकडाची बारीक काडी फेव्हिकॉल लावून भोकात ठोकावी, वाळू द्यावी आणि मग स्क्रू पिळावा, किंवा जरा लांब स्क्रू घ्यावा. कडी कुठे घासते हे कळत नसेल तर तिच्या टोकाला खडू चोळावा आणि दार लावावे. जिथे आपटते तिथे पांढरा डाग उमटतो. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हे लक्षात ठेवून भोकाला थोडी मोकळीक द्यावी.

दारात कोरून बसवलेले कुलूप आणि त्याला हँडल, अशी दारे आता वस्तीवरच्या घरांतही आली आहेत. हँडल सोडल्यावर वर न येता लोंबत राहिले तर बहुधा आतली स्प्रिंग गेलेली असते. हँडल फिरते पण जीभ हलत नाही, असे असेल तर मधला चौकोनी गज झिजलेला असू शकतो. नवे आणताना जुने काढून पिशवीत घालून दुकानात न्यावे. हँडलच्या मध्यापासून किल्लीच्या भोकापर्यंतचे अंतर आणि दाराची जाडी मोजून न्यावी, नाहीतर दुसरी फेरी ठरलेली. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीला गोल मूठ बसवू नये. बोटे आखडलेल्या हातात ती फिरत नाही. खाली दाबायचे लांब हँडल बरे.

न्हाणीघराला साध्या लोखंडाची कडी घेऊ नये, ती गंजून धरतेच. स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची घ्यावी आणि स्क्रूही त्याच धातूचे घ्यावेत. स्वस्तातली पातळ ॲल्युमिनियमची कडी चटकन वाकते. बाहेरून नाणे किंवा स्क्रूड्रायव्हर घालून उघडता येते अशी कडीही मिळते. म्हातारी माणसे आणि लहान पोरे असतील त्या घरात तीच बसवावी. आमच्याकडे ती असती तर पहार लागली नसती. न्हाणीघराला प्लास्टिकचे पोकळ दार असेल तर नुसते स्क्रू धरत नाहीत. आरपार नटबोल्ट आणि दोन्ही बाजूंना वायसर घालावेत.

बाहेरच्या दाराचे वेगळे आहे. कुलूप आपण चांगले भारीतले घेतो आणि ते अडकवतो कुठे, तर दोन खिळ्यांवर तगलेल्या कोयंड्यात. दार बंद असताना कडी-कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर चोराला कुलपाला हातसुद्धा लावावा लागत नाही. तिथे गोल डोक्याचे बोल्ट आरपार घालून नट आतल्या बाजूने आवळावेत. टॉवर बोल्टसाठी आयएस २०४ आणि कुलूप घालायच्या लोखंडी सरकत्या कडीसाठी आयएस २८१ अशी भारतीय मानके आहेत. तसा छाप मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर निदान हातात घेऊन वजन पाहावे आणि दांडी सरळ सरकते का ते तपासावे. आणि खाण्याचे तेल कडीत ओतू नये. त्यावर धूळ बसते, चिकटा होतो आणि कडी आणखी जाम होते. कडीला मशीनचे तेल थेंबभर द्यावे. कुलपात पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते.

यावर कोणी म्हणेल, "सांगणं सोपं आहे हो, पण सुतार मिळतो कुठं?" म्हणणे खोटे नाही. गावचा सुतार बलुते सोडून केव्हाच शहरात फर्निचरच्या कामाला गेला. एका कडीसाठी कोण अर्धा दिवस मोडून येणार? पण सभासद हो, याचे उत्तर आपल्याजवळच आहे. एकट्याचा ऊस गाळायला कारखाना उभा राहिला नसता, सगळ्यांचा एकत्र आला म्हणून राहिला. तसेच हे. एका घराचे काम अर्ध्या तासाचे, पण दहा घरांचे काम पुऱ्या दिवसाच्या हजेरीचे. वस्तीने यादी करावी, सामान एकदम आणावे आणि सुताराला एक दिवस बोलवावे. तो आनंदाने येईल. आणि आपल्या पोरांना त्याच्या हाताखाली दिवसभर उभे करावे. स्क्रू पिळणे ही काही पदवी घेऊन शिकायची विद्या नव्हे.

जाता जाता आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्या अंगणाबाहेरची आहे. ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस कारखान्यापर्यंत जातो त्या ऊसतोड मजुरांच्या कोपीला तर दारच नसते. जिथे तळावर त्यांच्यासाठी संडास उभे केले आहेत, तिथली कडी तुटली की बाईमाणूस आत जायचे सोडते आणि पुन्हा अंधाराची वाट बघू लागते. मग कागदावर संडास असतो, वापरात नसतो. आपण भाव विचारतो, उतारा विचारतो, ते विचारलेच पाहिजे. पण येत्या सभेत कोणी उठून "तळावरच्या संडासांना आतून कड्या आहेत का?" असेही विचारावे. त्यात हसण्यासारखे काही नाही. आपल्या आईसाठी जे मागतो, ते दुसऱ्याच्या आईसाठी मागायला लाज कसली?

आम्ही शहाणे झालो ते उशिरा. बादली वाजली की अजूनही आम्हाला मान खाली घालावी लागते. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून हे चार शब्द. आज संध्याकाळी मळ्यातून आलात की हातपाय धुताना न्हाणीघराची कडी एकदा आतून लावून पाहा. उचलावी, रेटावी लागली, तर हंगामाची वाट बघू नका आणि बिलाचीही बघू नका. बैल अजून गोठ्यात आहे. झोपा आजच करा.