रस्त्यात पोलिसांनी थांबवले तर

शिरोडा परिसरातली आपली कितीतरी मुले आरोंदा-किरणपाणी पुलावरून गोव्यात कामाला जातात. हद्द आली की तपासणी आलीच. गोव्याची दारू इकडे येते म्हणून डिकीही उघडायला लावतात. घरच्यांची धास्ती मात्र वेगळी असते : नाव ऐकून समोरचा आवाज चढला, तर आपला मुलगा काय करील?

आम्ही आमच्या माजी विद्यार्थ्यांना पहिले सांगतो, पळू नका. पळालात की साध्या तपासणीचा संशय होतो. गाडी कडेला घ्या, बंद करा, अदबीने बोला. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १३० प्रमाणे गणवेशातील पोलिसाने मागितल्यास परवाना दाखवावाच लागतो. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली प्रत चालते. परवाना ठेवून घेतला तर लेखी पोच मागा, दंड भरला तर पावती. चलन चुकीचे वाटले तरी तिथे हुज्जत नको; दाद नंतर मागता येते. आणि कुणाचे बंद पार्सल ‘तेवढे पोचव’ म्हणून घेऊ नका. आत निघेल ते तुमच्या माथी.

आता अम्मी-अब्बांसाठी. परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर २०१९च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा लाडाने चावी देऊ नका. विमा आणि पीयूसीच्या तारखा आज रात्रीच पाहून ठेवा. कागद पुरे असले की मुलगा न घाबरता, न चिडता उत्तर देतो, आणि वेळेवर घरी येतो.