कातळावरचा घाव

वेरूळचे कैलास मंदिर आणि देवगिरीचा ताशीव कडा, दोन्ही छन्नीचीच कामे. एकाच काळ्या बसाल्टवर, एकाच परिसरात झालेली. राष्ट्रकूटकाळात डोंगर शिखराकडून पायथ्याकडे कोरीत मंदिर घडविले गेले. देवगिरीला डोंगराची बाजू उभी तासून शत्रूची वाटच पुसून टाकण्यात आली. कातळावर पडणाऱ्या घावाचे मोल छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला निराळे सांगावे लागू नये.

सह्याद्रीच्या सुळक्यांवर प्रस्तरारोहक ठोकीत असलेल्या बोल्टचा वादही याच कातळाचा आहे. हा खडक थराथरांचा, ठिकठिकाणी झिजलेला. दोर अडकवायला भरवशाची भेग पुष्कळदा सापडतच नाही. बोल्टमागे सोबत्याच्या प्राणांची काळजी असते, हे टीकाकारांनी आधी मान्य केले पाहिजे. परंतु साधे लोखंड पावसाळ्यागणिक गंजते. मागून येणारा त्यावर भार टाकायला धजत नाही आणि शेजारी नवे छिद्र पाडतो. जयघोष करीत गडावर चढायचे आणि परतताना कड्यात गंजके लोखंड सोडून यायचे, या गडप्रेमाला काय म्हणावे?

पॅटागोनियातील सेरो तोरे शिखरावर १९७० मध्ये माएस्त्री या इटालियन आरोहकाने पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर वर नेऊन शेकडो बोल्ट मारले. २०१२ मध्ये दोन तरुणांनी त्यातील शंभराहून अधिक उपटले, तेव्हा गिर्यारोहकांतच मोठे वादळ उठले. याउलट १९५५ चे कांचनजंगा. सिक्कीमच्या लोकांना ते शिखर पवित्र. म्हणून दिलेल्या शब्दाला जागून पहिले आरोहक माथ्याच्या काही फूट अलीकडेच थांबले. त्यांचे यश त्यामुळे उणे ठरले नाही.

गंजलेला बोल्ट काढून शक्य तेथे त्याच छिद्रात उत्तम पोलादाचा बसवावा. देवगिरी हे तर १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारक. तेथे ड्रिलला जागाच नाही.

आणि गिधाडे. डायक्लोफिनॅकमुळे त्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. लांब चोचीचे गिधाड कड्याच्या कपारीत घरटे करते, तेही हिवाळ्यात, नेमके आरोहणाच्या हंगामात. ज्या कड्यावर घरटे आहे, तेथील दोर पिल्लू उडेपर्यंत गुंडाळून ठेवावा. सह्याद्रीत दुसऱ्या सुळक्यांची वाण नाही.